‘चार. बदलू नका.’ : हॉटेलच्या बिलिंग प्रोग्राममधल्या कॉमेंट्सचं एक प्रकरण

3 सप्टेंबर 2025 च्या रात्री जीएसटी परिषदेच्या 56 व्या बैठकीचे निर्णय जाहीर झाले. गोव्यात चवथीचे दिवस होते. दीड, पाच आणि सात दिवसांच्या गणपतींचं विसर्जन झालं होतं, अकरा दिवसांचे अजून घरात होते. हॉटेलांपुरता निर्णय एका वाक्यात मावणारा होता: दिवसाला 7500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 12 टक्क्यांऐवजी 5 टक्के कर, इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) न घेता, 22 सप्टेंबरपासून. त्याहून महाग खोलीवर आधीसारखेच 18 टक्के.

कळंगुट, कांदोळी, बागा या पट्ट्यातली काही मध्यम हॉटेलं आणि गेस्ट हाउस आमच्या म्हापशातल्या लहान फर्मचा बिलिंग प्रोग्राम वापरतात. दिवाळीची आणि डिसेंबरची आगाऊ बुकिंगं सुरू झाली होती, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन. बहुतेकांना वाटत होतं की 12 पुसून 5 लिहिले की झालं. पण कर कुठल्या दराने लावायचा ते ठरवणारी फाईल जुलै 2017 पासून वाढत आलेली आहे, वेगवेगळ्या हातांनी, आणि त्यातला मुख्य हात बंगळूरला जाऊन काही वर्षं झाली होती. फाईल समजून घ्यायची तर त्यातल्या कॉमेंट्स वाचून, म्हणजे कोडमध्ये माणसांसाठी लिहिलेल्या, संगणक ज्यांकडे दुर्लक्ष करतो अशा टिपा वाचून. या प्रकरणात त्या कॉमेंट्सनी कुठे वाचवलं, कुठे फसवलं आणि कुठे नुसतं दटावलं, ते इथे मांडतो आहे.

फाईलच्या डोक्यावरची नीटनेटकी कॉमेंट

फाईल उघडली की सुरुवातीलाच एक लांब, व्यवस्थित परिच्छेद पाडलेली कॉमेंट होती. खोलीचा कराचा टप्पा ‘जाहीर दरा’वरून ठरतो, पाहुण्याने प्रत्यक्ष किती दिले त्यावरून नाही, असं तिच्यात उदाहरणासकट समजावलं होतं. संपूर्ण फाईलमधलं सर्वांत चांगलं लिखाण तेच. आणि ते चुकीचं होतं.

लिहिलं तेव्हा ते बरोबर होतं. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा 28 जूनच्या अधिसूचना 11/2017 प्रमाणे टप्पा जाहीर दरावरच ठरत असे. भिंतीवरच्या दरपत्रकात 8000 असेल आणि पावसाळ्यात खोली 6500 ला दिली, तरी टप्पा 8000 चा. 27 जुलै 2018 पासून हे बदललं. अधिसूचना 13/2018 ने प्रत्यक्ष आकारलेली रक्कम धरायला सांगितली. त्या वेळी कोणीतरी खालचा कोड तत्परतेने बदलला, वरची कॉमेंट तशीच राहू दिली. म्हणजे जेमतेम तेरा महिने खरी असलेली कॉमेंट त्यानंतर सात वर्षं तितक्याच आत्मविश्वासाने फाईलच्या डोक्यावर बसून होती.

आमच्याकडे डिचोलीहून येणारी एक तरुण प्रोग्रामर आहे. नव्या दरांच्या चाचण्या तिने लिहायला घेतल्या आणि सुज्ञ माणूस करील तेच केलं, आधी कॉमेंट वाचली. तिच्या चाचणीत 8000 ची खोली 6500 ला दिल्यावर 18 टक्के, म्हणजे 1170 रुपये कर अपेक्षित होता. कोड 5 टक्क्यांनी 325 देत होता. अर्धा दिवस ती कोडमध्ये चूक शोधत राहिली. यात तिचा दोष मला तिळमात्र दिसत नाही. कोड काय करतो आणि कॉमेंट काय म्हणते यात तफावत असेल, तर वाचणारा नेहमी माणसाच्या भाषेकडेच झुकतो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या शैलीसाठी 2001 पासून जी पेप-8 नावाची नियमावली आहे, तिच्यात कोडशी विसंगत कॉमेंट ही कॉमेंट नसण्याहून वाईट असं बजावलेलं आहे. हा सल्ला सगळ्यांना ठाऊक असतो. तरीही कॉमेंट शिळी होते, कारण तिच्यावर तारीख नसते. ‘जून 2017 च्या अधिसूचनेनुसार’ एवढे शब्द असते, तर आठ वर्षांनंतर वाचणाऱ्याच्या मनात शंका आली असती.

27 आणि 30

त्याच फाईलमध्ये पुढे आयजीएसटीबद्दल, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहारावरच्या कराबद्दल, दोन ओळींची कॉमेंट होती. रोमन लिपीत मराठी, व्याकरण यथातथा. देवनागरीत आणली तर अशी: ‘पाहुण्याच्या कंपनीचा नंबर 27 ने सुरू झाला तरी आयजीएसटी लावू नये. खोली गोव्यात आहे, म्हणून पुरवठ्याचं ठिकाण गोवा. आयजीएसटी कायदा कलम 12(3).’

(रोमन लिपीचं कारणही सांगून ठेवतो. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत फाईलच्या सुरुवातीला एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) जाहीर केलेलं नसेल, तर कॉमेंटमधल्या एका देवनागरी अक्षरानेही प्रोग्राम चालायचा थांबत असे. तिसऱ्या आवृत्तीत देवनागरीही सामावणारं यूटीएफ-8 एन्कोडिंग गृहीत धरलं जातं, ती अडचण राहिली नाही. पण त्या काळात शिकलेल्यांच्या बोटांना सवय लागली ती लागलीच.)

ही कॉमेंट मला आदर्श वाटते. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे 27 आणि गोव्याचे 30. पुण्याची कंपनी आपल्या माणसांना कांदोळीत ठेवते, बिलावर 27 चा क्रमांक येतो, आणि बिलात मात्र केंद्राचा आणि गोव्याचा कर लागतो. कर थोडाफार जाणणाऱ्या कुठल्याही नव्या प्रोग्रामरला ही चूक वाटेल. दोन वेगळी राज्यं म्हटल्यावर आयजीएसटी हवा, असं म्हणून तो ‘दुरुस्ती’ करायला बसेल. कोड कितीही स्वच्छ लिहिला तरी ‘हे मुद्दाम असं आहे’ हे त्याला सांगता येत नाही. वाचणाऱ्याच्या मनात जिथे शंका उठणार नेमक्या त्याच जागी ती दोन वाक्यं उभी होती, कलमाच्या आधारासकट. पुण्यातल्या एका कंपनीच्या लेखा विभागाने त्याच आठवड्यात आयजीएसटीचा आग्रह धरला. हॉटेलच्या रिसेप्शनवरून आम्हाला विचारणा झाली, तेव्हा आम्ही ती कॉमेंट जशीच्या तशी पाठवली.

चार

आता मूळ गोष्ट. फाईलच्या मध्यावर एक चमत्कारिक भाग होता. तो तीन तारखा घ्यायचा, मुक्कामाची, बिलाची आणि पैसे मिळाल्याची. त्यांची दर बदलल्याच्या तारखेशी तुलना करायचा आणि त्यातून दर निवडायचा. पैसे मिळाल्याच्या तारखेजवळ 4 हा आकडा होता आणि त्याच्यावर कॉमेंट: ‘चार. बदलू नका.’ शेजारी सुट्ट्यांची यादी, जिच्यात एकच तारीख, 2 ऑक्टोबर 2019.

डिचोलीची मुलगी म्हणाली, हा भाग काढूया. चेक-आउटच्या तारखेला जो दर असेल तो लावायचा, सरळ हिशेब. तिचं म्हणणं अवाजवी नव्हतं. त्या भागावर एकही चाचणी नव्हती, तो का आहे ते कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि रोजच्या बिलांत त्याने काही फरक पडत नव्हता. तिन्ही तारखा दरबदलाच्या एकाच बाजूला असतात तेव्हा उत्तर एकच येतं. खोल्यांवरच्या कराचे दर याआधी हलले ते ऑक्टोबर 2019 मध्ये आणि मग जुलै 2022 मध्ये, तेव्हाही फक्त हजार रुपयांच्या आतल्या खोल्यांना 12 टक्के लागू झाले म्हणून. मधली सगळी वर्षं तो कोड निजलेला होता. रोज चालणाऱ्या कोडमध्ये घोळ झाला तर संध्याकाळपर्यंत फोन येतो. तीन वर्षांतून एकदा जागा होणाऱ्या कोडच्या बाबतीत फोन येईपर्यंत शेकडो बिलं गेलेली असतात. त्याच्याजवळ कारण लिहिलेलं असणं सर्वांत गरजेचं, आणि इथे होती ती फक्त मनाई.

अशी मनाई मला शिळ्या कॉमेंटपेक्षाही घातक वाटते. ‘बदलू नका’ वाचून एक प्रकारचा माणूस घाबरतो आणि वर्षानुवर्षं त्या ओळीभोवती वळसे घालून कोड लिहितो. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला ती जुन्या कोणाची तरी भीती वाटते आणि तो बेधडक पुसतो. विचार दोघेही करत नाहीत, कारण विचार करायला काही दिलेलंच नसतं.

कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये इतिहास शोधला. प्रत्येक ओळीपुढे जिचं नाव येत होतं तिने फाईलवर फक्त एक फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी सारखी करणारा प्रोग्राम, चालवला होता. ती नोंद वगळून बघायची सोय गिटच्या 2.23 आवृत्तीपासून आहे, ती वापरली. तर त्यामागे थेट पहिली नोंद: ‘सगळं टाकलं’. त्याआधी प्रोग्राम झिप फोल्डरांत राहत होता. तिथे भिंत लागली.

बंगळूरला फोन लावला. “दादा, ते चार कसले?” त्याला आकडा आठवत होता, पण त्यामागचं कारण आठवेना. “सीएंच्या ऑफिसातून सांगितलेलं. तिथल्या काकांना विचार, ते लिहून ठेवतात,” एवढं मात्र तो खात्रीने म्हणाला.

काकांची प्रत

सीएंच्या कार्यालयातले काका निवृत्तीला आलेले आहेत. त्यांच्याकडे केंद्रीय जीएसटी कायद्याची छापील प्रत आहे, पानं मऊ पडलेली, समास भरून गेलेले. त्यांनी कलम 14 काढलं. कराचा दर बदलतो तेव्हा कुठला दर लावायचा, त्याचं हे कलम. सेवा दिल्याची, बिलाची आणि पैसे मिळाल्याची अशा तीन तारखांपैकी दोन ज्या बाजूला पडतात त्या बाजूचा दर लागतो, असा त्याचा व्यवहारातला गोषवारा. शेवटी एक परंतुक, म्हणजे अपवादाची अट, आहे. पैसे मिळाल्याची तारीख म्हणजे वहीतली नोंद किंवा बँकेतली जमा यांपैकी जी आधी ती. मात्र दरबदलानंतर कामकाजाचे चार दिवस उलटून गेल्यावर बँकेत जमा झाली, तर जमेचीच तारीख धरायची. त्या ओळीसमोर समासात पेन्सिलीने: ‘हॉटेल प्रोग्राम – सांगितलं. 10/19.’

ऑक्टोबर 2019. अधिसूचना 20/2019 ने खोल्यांचे दर उतरले, 28 चे 18 झाले आणि 18 चे 12, तेव्हाची गोष्ट. काकांनी वाचून दाखवताच डिचोलीची मुलगी म्हणाली, “म्हणून ती गांधी जयंती!” 1 ऑक्टोबर 2019 मंगळवार होता. बुधवारी सुट्टी, मग गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार सोडून सोमवार. चार दिवस मोजायला त्या वर्षी वगळावी लागणारी सुट्टी नेमकी एकच होती. कोडमध्ये कारण नव्हतं, पण कारणाचा पुरावा सहा वर्षं पडून होता.

2025 साठी त्याचा अर्थ काय, ते एका बिलावर बघू. दिवसाला 4000 ची खोली, पाहुणा 20 सप्टेंबरला गेला. कंपनीच्या नावाचं बिल 24 ला निघालं. पैसे बुकिंग पोर्टलमार्फत, वहीत नोंद 20 ची. 22 तारीख सोमवार, म्हणून चार दिवस 26 ला, शुक्रवारी संपतात. बँकेत जमा 25 ला झाली, तर वहीतली 20 तारीख धरायची. मुक्काम आणि पैसे जुन्या बाजूला, कर 12 टक्के, 480 रुपये. जमा 29 ला झाली तर 29 धरायची. बिल आणि पैसे नव्या बाजूला, कर 5 टक्के, 200 रुपये. तीच खोली, तोच पाहुणा, एका रात्रीमागे 280 रुपयांचा फरक. पोर्टलचे पैसे उशिरा येणं आमच्या पट्ट्यात रोजचं आहे. तो भाग पुसला गेला नाही याचं समाधान मोठं आहे.

पण काकांच्या प्रतीतून मी खरं शिकलो ते वेगळंच. त्यांच्या समासात शाईही होती आणि पेन्सिलही. विचारल्यावर त्यांनी सहज सांगितलं: कायद्यात दुरुस्ती झाली की शाई, राजपत्राची तारीख घालून. आपल्याला जे वाटतं, सीए साहेबांनी जसा अर्थ लावला, कोणाला काय सांगितलं, ते पेन्सिल. “माझं म्हणणं आणि सरकारचं म्हणणं एकात एक होता कामा नये. मी गेल्यावर वाचणाऱ्याला कसं कळणार?”

ही काळजी मराठीत जुनी आहे. नकला करताना वाचणाऱ्याची भर मुळात शिरते आणि पुढच्या नक्कलकाराला ती मूळच वाटते. ज्ञानेश्वरीच्या पाठात असं झालं होतं, म्हणून एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, पाठ शुद्ध करून घेतला. आमच्या फाईलमध्येही कायद्याने घातलेली अट आणि कोणा प्रोग्रामरने गृहीत धरलेली गोष्ट एकाच रंगात, एकाच आवाजात लिहिलेल्या होत्या.

मग काय केलं

आम्ही दोन शब्द ठरवले. कराविषयीची प्रत्येक कॉमेंट ‘कायदा:’ किंवा ‘अर्थ:’ यांपैकी एकाने सुरू होणार. ‘कायदा’ म्हटलं की कलम किंवा अधिसूचना आणि तारीख हवीच. ‘अर्थ’ म्हटलं की तो कोणी लावला आणि कधी, ते हवं. चारच्या ओळीवर आता देवनागरीत असं आहे:

‘कायदा: सीजीएसटी कलम 14, परंतुक. दरबदलानंतर कामकाजाचे 4 दिवस उलटल्यावर बँकेत जमा झाल्यास जमेची तारीखच धरावी. अर्थ: कामकाजाचे म्हणजे बँकेच्या कामकाजाचे दिवस, कलमात तेवढं स्पष्ट नाही. सीए कार्यालय, सप्टेंबर 2025.’

आमच्यातल्या सावंतवाडीच्या सहकाऱ्याला कॉमेंट्सचं वावडं आहे. कोडच बोलला पाहिजे, असं त्याचं मत. कॉमेंट चालवून बघता येत नाही, चाचणी चालवता येते, हा त्याचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. म्हणून 4 ला त्याने ‘बँक-जमेची मुदत’ अशा अर्थाचं नाव दिलं आणि वरच्या 4000 च्या खोलीची दोन्ही बिलं चाचण्यांत घातली. उद्या कोणी चारचे पाच केले, तर चाचणी ओरडेल. पण ओरडल्यावर माणूस विचारेल की चूक चाचणीची की माझी, आणि त्याचं उत्तर कलम 14 मध्ये आहे. ते नावात मावत नाही. या मुद्द्यावर तो शेवटी माझ्याकडे आला. बाकी बऱ्याच ठिकाणी मी त्याच्याकडे गेलो. ‘कर मोजा’ असं सांगून खालच्या ओळीत कर मोजणाऱ्या कॉमेंट्स सगळ्या काढल्या. जीएसटीपूर्वीच्या लक्झरी टॅक्सचा कॉमेंट करून ठेवलेला आख्खा गठ्ठाही गेला. तो ‘कधी लागेल सांगता येत नाही’ म्हणून ठेवला होता. गिटमध्ये तो आहेच.

टप्प्याच्या सीमेवरच्या एका चिन्हाला मात्र नवी कॉमेंट मिळाली. 2017 मध्ये 28 टक्के ‘7500 आणि त्याहून अधिक’ दराला होते. 2019 पासून 18 टक्के लागतात ते 7500 च्या वर, बरोबर 7500 खालच्या टप्प्यात. कोडमध्ये एका ठिकाणी ‘मोठं किंवा समान’ आणि दुसऱ्या ठिकाणी नुसतं ‘मोठं’ आहे. सारखेपणाची आवड असलेला कोणीही ते एक दिवस सारखं करून टाकणार. आता दोन्हींपुढे आपापल्या अधिसूचनेचा क्रमांक आहे.

नव्या दराच्या ओळीची कॉमेंट दोनदा लिहावी लागली. 4 सप्टेंबरला आमच्या हाती फक्त परिषदेचा निर्णय होता, म्हणून लिहिलं, ‘अर्थ: परिषदेच्या 3 सप्टेंबरच्या निर्णयावरून, अधिसूचना यायची आहे.’ 17 तारखेला अधिसूचना 15/2025 निघाली. शब्द ताडून बघितले आणि ‘अर्थ’चं ‘कायदा’ केलं. त्या दोन आठवड्यांत ज्यांनी फाईल उघडली, त्यांना जमीन किती पक्की आहे ते त्या एका शब्दावरून कळत होतं.

एक ‘अर्थ’ अजून तसाच आहे. 21 ला आलेला आणि 23 ला गेलेला पाहुणा, मध्ये दर बदलला. प्रोग्राम प्रत्येक रात्र वेगळी धरतो. सीए कार्यालयाने तसं करायला सांगितलं आणि आम्ही तसं लिहिलं, त्यांच्या होकाराच्या तारखेसकट.

28 टक्क्यांची ओळ काढायची की नाही, यावर शेवटची चर्चा झाली. तो दर 30 सप्टेंबर 2019 लाच संपला, आता कोणाचंही नवं बिल त्या दराने होणार नाही. पण कलम 36 प्रमाणे वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून 72 महिने हिशेब जपून ठेवावे लागतात, आणि तपासणीत जुनं बिल पुन्हा काढून दाखवायची पाळी येते. 2019-20 च्या विवरणाची मुदत वाढत वाढत 31 मार्च 2021 झाली होती. म्हणून त्या ओळीवर आता लिहिलं आहे: ‘कायदा: अधिसूचना 11/2017, 28 जून 2017. फक्त 30 सप्टेंबर 2019 पर्यंतच्या बिलांसाठी. कलम 36 प्रमाणे 31 मार्च 2027 पर्यंत ठेवावी. त्या वर्षाची चौकशी किंवा अपील चालू नसेल तर नंतर ही ओळ आणि ही कॉमेंट दोन्ही काढावीत.’